तिसरे औषध कशासाठी?

कर्वेनगरहून एका वाचक भगिनींनी लिहिलेल्या पत्राचा आशय असा आहे. त्यांच्या आई ६६ वर्षांच्या, मूळच्या भोर तालुक्यातल्या. आयुष्यात कधी बिडी-सिगारेट ओढलेली नाही, पण चाळीसहून अधिक वर्षे चुलीवर स्वयंपाक केलेला. पाच वर्षांपूर्वी ‘दमा’ म्हणून त्यांना फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड या दोन औषधांची एकत्र कॅप्सूल रोटाहेलर या पावडर ओढायच्या उपकरणातून सकाळ-संध्याकाळ ओढायला सांगितली गेली. गेल्या जानेवारीत पाच दिवस रुग्णालयात राहावे लागले. जूनमध्ये पाऊस सुरू होताच पुन्हा धाप वाढली आणि स्टेरॉइडच्या गोळ्या व अँटिबायोटिक घ्यावी लागली. आता पुण्यातल्या छातीविकारतज्ज्ञांनी स्पायरोमेट्री करून ‘हा दमा नव्हे, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे’ असे सांगितले आणि तीन औषधे एकत्र असलेला पंप लिहून दिला. पत्रातला पुढचा भाग त्यांच्याच शब्दांत देतो: “महिन्याचा खर्च दुपटीहून जास्त झाला. भाऊ म्हणतो, हा सगळा कंपन्यांचा खेळ आहे. शेजारच्या काकू म्हणतात, स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात आणि पंपाची सवय लागते. माझ्या आतेभावाला जुना पंप लागेल तेव्हाच घ्यायला सांगितला आहे, मग आईला रोज का? आई तर बरे वाटले की पंप कपाटात ठेवून देते. तिसऱ्या औषधाची खरोखर गरज आहे का? आणि गणपतीला आईला गावी न्यावे का?”

सप्रेम नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही स्पायरोमेट्रीचा आणि रक्ततपासणीचा अहवाल जोडला, हे फार बरे केले, कारण त्यामुळे मला हवेत उत्तर द्यावे लागणार नाही. मी तुमच्या आईंना तपासलेले नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. तरीही ‘तिसरे औषध कशासाठी’ हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि एकापेक्षा जास्त औषधे असलेला कोणताही पंप हातात आला की तो विचारायलाच हवा. माझे मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या आईंच्या बाबतीत तिसऱ्या औषधाला कारण आहे. पण तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य खर्चाचे नाही आणि स्टेरॉइडचेही नाही. ‘बरे वाटले की पंप कपाटात ठेवून देते’ हे ते वाक्य आहे, आणि त्याच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आधी निदानाविषयी. स्पायरोमेट्रीत माणूस छाती भरून श्वास घेतो आणि जोर लावून सगळा बाहेर फुंकतो. एकूण किती हवा बाहेर आली आणि तिच्यातली पहिल्या सेकंदात किती आली, हे यंत्र मोजते. तुमच्या आईंची एकूण हवा १.४१ लिटर आणि पहिल्या सेकंदातली ०.८२ लिटर आहे, म्हणजे गुणोत्तर ०.५८ आले. श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी केलेल्या फुंकीतही हे गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले, तर नळ्यांमधला अडथळा कायमचा आहे असे धरतात. औषधापूर्वीचा आकडा ०.७६ लिटर होता, म्हणजे औषधाने जेमतेम ६० मिलिलिटरची भर पडली. दम्यात अनेकदा याहून कितीतरी मोठी उसळी दिसते. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी स्त्रीच्या तुलनेत पहिल्या सेकंदातली हवा ४६ टक्के आहे, आणि ३० ते ४९ टक्के ही पायरी ‘तीव्र’ समजली जाते. हे आकडे, वय आणि चुलीचा इतिहास एकत्र वाचला तर नव्या डॉक्टरांचे निदान मला पटते.

‘आईने कधी बिडी ओढली नाही, मग हा आजार कसा’ असे तुम्ही विचारलेले नाही, पण नातेवाईक नक्की विचारतील. सीओपीडी हा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचाच आजार आहे, ही समजूत आपल्याकडे डॉक्टरांच्या मनातही बराच काळ होती. ती मोडून काढण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. इथले छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लेख लिहिला, आणि लाकूड, गोवऱ्या, पाचट यांच्या धुराला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे साडेपाच कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या कितीजणींच्या चिठ्ठीवर तुमच्या आईंप्रमाणे वर्षानुवर्षे नुसता ‘दमा’ लिहिलेला असेल, याचा विचार करून पाहा.

आता औषधांकडे वळू. तुमच्या आईंच्या नव्या पंपात फॉर्मोटेरॉल, ग्लायकोपायरोनियम आणि बुडेसोनाइड आहे. पहिली दोन श्वासनलिका रुंद ठेवतात, बुडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे. म्हणजे तुम्ही ज्याला ‘तिसरे’ म्हणता ते खरे तर ग्लायकोपायरोनियम आहे. स्टेरॉइड तर जुन्या कॅप्सूलमध्येही होतेच. हा फरक लक्षात घ्या, कारण घरातली भीती स्टेरॉइडची आहे, आणि नवे जे आले आहे ते स्टेरॉइड नाही.

श्वासनलिकेभोवती स्नायूंचे वेढे असतात. ते सैल करण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. फॉर्मोटेरॉल स्नायूला थेट ‘सैल हो’ असा निरोप देते, आणि तो सुमारे बारा तास टिकतो. ग्लायकोपायरोनियम मात्र मेंदूकडून येणाऱ्या एका चेतातंतूचा ‘आवळ’ हा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. टिओट्रोपियम आणि युमेक्लिडिनियम ही औषधे याच घरातली आहेत. एकाने दोर सोडायचा आणि दुसऱ्याने दोर ओढणाऱ्याचा हात धरायचा, असे हे जोडकाम आहे, आणि म्हणूनच एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगवेगळी औषधे एकत्र दिल्याने जास्त उपयोग होतो.

या जोडकामाचा खरा लाभ कुठे दिसतो, ते समजून घेण्यासाठी संध्याकाळी सहा वाजताची स्वारगेटची पीएमपीची बस डोळ्यांसमोर आणा. उतरणारे उतरलेच नाहीत तर चढणाऱ्यांनी उभे कुठे राहायचे? सीओपीडीत अगदी असेच होते. श्वास आत जातो, पण अरुंद झालेल्या नळ्यांतून पूर्ण बाहेर पडायच्या आतच पुढचा श्वास घ्यावा लागतो. चालताना श्वास भराभर होतो, तशी आत अडकलेली हवा वाढत जाते, आणि छाती फुगलेली असूनही माणसाला ‘हवा मिळत नाही’ असे वाटते. श्वासनलिका रुंद करणारी औषधे ही कोंडलेली हवा बाहेर काढायला मदत करतात. स्पायरोमेट्रीचा आकडा फारसा न हलताही ‘जिना चढताना आता एकदाच थांबते’ असे रुग्ण सांगतात, ते याच कारणाने. म्हणून या आजारात ही दोन औषधे पाया आहेत. आईंच्या जुन्या कॅप्सूलमध्ये पायाचा एकच दगड होता आणि शेजारी स्टेरॉइड होते. ही जुनी जोडी दम्यात उत्तम आहे. पण ज्यांना दमा नाही अशा सीओपीडीच्या रुग्णांत तिला यापुढे प्रोत्साहन देऊ नये, असे ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या अहवालात स्पष्ट म्हटले. त्याआधी २०१६ मध्ये ‘फ्लेम’ नावाच्या चाचणीत ३,३०० हून अधिक रुग्णांवर श्वासनलिका रुंद करणाऱ्या दोन औषधांची जोडी आणि ‘एक रुंद करणारे, एक स्टेरॉइड’ ही जोडी यांची तुलना झाली होती, आणि आजार उफाळण्याचे प्रमाण पहिल्या जोडीत कमी आढळले होते.

मग स्टेरॉइड काढूनच का टाकले नाही? सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाला स्टेरॉइड लागत नाही, आणि अनेकांना ते उगाच वर्षानुवर्षे दिले जाते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कोणाला द्यायचे, हे दोन गोष्टींवरून ठरते. वर्षभरात आजार किती वेळा उफाळला, ही पहिली गोष्ट. एकदा जरी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरी तो रुग्ण जोखमीच्या गटात जातो, आणि तुमच्या आई जानेवारीत दाखल झाल्या, जूनमध्ये पुन्हा आजारल्या. दुसरी गोष्ट रक्ताच्या साध्या तपासणीत लपलेली असते. तुम्ही पाठवलेल्या अहवालात पांढऱ्या पेशी ८,५०० आणि त्यांतल्या इओसिनोफिल या प्रकारच्या पेशी ४ टक्के आहेत. टक्क्यांकडे पाहू नका, गुणाकार करा: ८,५०० चे ४ टक्के म्हणजे ३४०. हा आकडा ३०० किंवा त्याहून अधिक असेल तर श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता चांगली असते, १०० च्या खाली असेल तर उपयोग जवळजवळ नाही, आणि मधल्या पट्ट्यात तारतम्य वापरावे लागते. दोन इशारे मात्र देतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना हा आकडा खोटा खाली येतो, म्हणून तपासणी त्यानंतर काही आठवड्यांनी करावी. आणि आपल्याकडे पोटातल्या जंतांमुळे किंवा ॲलर्जीमुळेही तो चढलेला असू शकतो, म्हणून एकाच अहवालावर विसंबू नये; पुढच्या भेटीत तो पुन्हा पाहून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

तुमच्या भावाच्या शंकेला मी उडवून लावणार नाही. तीन औषधांच्या एकत्रित पंपाच्या दोन मोठ्या चाचण्या, २०१८ मधली ‘इम्पॅक्ट’ आणि २०२० मधली ‘इथॉस’, त्या त्या औषधाच्या कंपनीच्याच पैशाने झाल्या. ‘इम्पॅक्ट’मध्ये १०,३५५ रुग्ण होते. आजार उफाळण्याचे वार्षिक प्रमाण तिन्ही औषधे घेणाऱ्यांत सरासरी ०.९१, स्टेरॉइड आणि एक रुंद करणारे औषध घेणाऱ्यांत १.०७, आणि स्टेरॉइडविना दोन रुंद करणारी औषधे घेणाऱ्यांत १.२१ आले. फरक आहे, पण जाहिरातीत भासतो तेवढा अवाढव्य नाही. शिवाय या चाचणीवर एक रास्त आक्षेप घेतला गेला: सहभागींपैकी अनेकजण आधीपासून स्टेरॉइड घेत होते, आणि जे स्टेरॉइडविना गटात पडले त्यांचे ते एकाएकी बंद झाले; त्यामुळे त्या गटाची कामगिरी आहे त्याहून वाईट दिसली असावी. तेव्हा ‘तीन औषधे सर्वांना’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण ज्या रुग्णाचा आजार वारंवार उफाळतो आणि इओसिनोफिल चढलेले आहेत, त्याला तिन्ही औषधांचा लाभ होतो, एवढा निष्कर्ष दोन्ही चाचण्यांतून ठामपणे निघतो. आणि तुमच्या आई नेमक्या त्याच वर्णनात बसतात. इओसिनोफिल चढलेले असताना स्टेरॉइड मध्येच काढून टाकले तर आजार पुन्हा उफाळण्याचा धोका वाढतो. म्हणून काकूंच्या सांगण्यावरून ते आपल्या मनाने बंद करू नका.

काकूंची भीती अगदीच निराधार नाही, फक्त तिचे माप चुकले आहे. आईंच्या जुन्या कॅप्सूलमध्ये बुडेसोनाइड ४०० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम. जूनमध्ये त्यांनी पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. ते झाले दोन लाख मायक्रोग्रॅम, म्हणजे आकड्याने पाहिले तर पंपातल्या आठ महिन्यांहून अधिक काळाइतके. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे. पण श्वासातून घेतलेल्या बुडेसोनाइडचा जो भाग गिळला जातो, त्यातला सुमारे नऊ-दशांश यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते, हेही सोबत लक्षात घ्या. हाडे, साखर आणि डोळे यांना जास्त धोका वारंवार घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचा असतो, आणि पंप नियमित घेण्याचा एक हेतू त्या गोळ्यांची वेळ टाळणे हाच आहे.

पंपातल्या स्टेरॉइडचे खरे दोष वेगळे आहेत. तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकून टाकले तर हे बरेचसे टळते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: सीओपीडीत श्वासातल्या स्टेरॉइडने न्यूमोनियाचे प्रमाण थोडे वाढते, आणि हे २००७ मधल्या ‘टॉर्च’ या चाचणीपासून माहीत आहे. वय जास्त, शरीर कृश आणि पूर्वी न्यूमोनिया होऊन गेलेला असेल तर हा धोका अधिक. तेव्हा थंडी वाजून ताप आला, कफाचा रंग बदलला किंवा छातीत एका बाजूला टोचू लागले, तर ‘नेहमीचीच धाप’ म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. आणखी एक प्रश्न आईंना नीट बसवून विचारा: तरुणपणी कधी टीबी झाला होता का? आपल्याकडच्या बायका हा आजार सासरी लपवत आल्या आहेत. तो होऊन गेला असेल तर डॉक्टर स्टेरॉइडविषयी पुन्हा विचार करतील. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी, या दोन्ही अजून घेतल्या नसतील तर आता घ्या.

ग्लायकोपायरोनियमबद्दल थोडक्यात सांगतो. त्याने तोंड कोरडे पडते. लघवी अडखळू लागली, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला व दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर लगेच कळवा. काचबिंदू असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगायला हवा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल तर त्याची हरकत नाही. या दोन शब्दांची गल्लत घरोघरी होते, म्हणून मुद्दाम लिहिले. फॉर्मोटेरॉलने सुरुवातीला हात किंचित थरथरतात, छाती धडधडते, आणि बहुधा काही दिवसांत ते कमी होते.

आतेभावाचा प्रश्न मला विशेष आवडला, कारण एकाच डब्याचे दोन नियम का, असा घोळ पुष्कळ घरांत असतो. दम्यात फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडची जोडी त्रास होईल तेव्हा घेण्याची पद्धत आता मान्य आहे, कारण दम्याचा त्रास येतो-जातो आणि त्या वेळी स्टेरॉइडचा हप्ताही सोबत मिळतो. सीओपीडीत अडथळा कायमचा असतो, म्हणून नळ्या धरून ठेवणारे औषधही रोजच लागते. अचानक धाप लागली तर त्यासाठी साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलचा वेगळा पंप डॉक्टरांनी दिला असेल. तो जवळ ठेवावा आणि किती वेळा लागला ते कॅलेंडरवर टिपावे. ‘सवय लागते’ याचे उत्तरही इथेच आहे. चष्म्याची सवय लागते असे आपण म्हणत नाही. पंप सोडला की धाप वाढते, कारण आजार जागच्या जागी आहे.

आता कपाटात ठेवलेल्या पंपाकडे येतो. पाच वर्षांत त्या जुन्या कॅप्सूल खरोखर किती वेळा छातीत गेल्या, हे कोणालाच ठाऊक नाही. डॉक्टर बनून काही वर्षे झाली असताना एका निवृत्त शिक्षकांचे औषध मी दोनदा बदलले, मात्रा वाढवली, आणि तिसऱ्या भेटीत सहज म्हटले, ‘गुरुजी, घेऊन दाखवा.’ त्यांनी कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर गिळली. चूक त्यांची नव्हती. मी चिठ्ठीवर ‘एक सकाळी, एक रात्री’ असे लिहिले होते, आणि कॅप्सूल गिळायची असते हे त्यांना आयुष्यभर माहीत होते. तेव्हापासून मी कोणतेही औषध बदलण्यापूर्वी ते घेऊन दाखवायला सांगतो.

तुम्हीही आज आईंना समोर बसवून पाहा. कोरड्या पावडरीच्या उपकरणात आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडायचा (उपकरणात फुंकायचे नाही, ओलाव्याने पावडर चिकटते), मग ओठ घट्ट मिटून एका दमात, जोराने आणि खोल ओढायचे, आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजेस्तोवर श्वास रोखायचा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचे. इथे जोर हवा, आणि तीव्र सीओपीडीत नेमका तोच कमी पडतो. तसे असेल तर दाबायचा पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायचे पोकळ नळकांडे) हा पर्याय डॉक्टरांकडे मागा. त्यात नियम उलटा आहे: पंप हलवायचा, एकदा दाबायचा आणि श्वास सावकाश, लांब घ्यायचा, दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला तर आत स्थिरविद्युत तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून राहते. पंप संपला की नाही हे तो पाण्यात तरंगतो का यावरून ठरवू नका. आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती पाहा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून दाब मोजा.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे, आणि तो डॉक्टरांपुढे मांडण्यात संकोच करू नका. न मांडता पंप दिवसाआड घेणारे रुग्ण मी फार पाहिले आहेत. तिन्ही औषधे एकाच डब्यातून घेतलीच पाहिजेत असे नाही. फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडची जुनी जोडी आणि सोबत दिवसातून एकदा टिओट्रोपियम वेगळे, असे केले तरी काम तेच होते. २०१७ मधल्या ‘ट्रिनिटी’ चाचणीत एका पंपातली तीन औषधे आणि दोन पंपांत विभागलेली तीन औषधे यांचा परिणाम सारखाच आला. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल आणि टिओट्रोपियम ही दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहेत, म्हणून त्यांच्या कमाल किमतीवर सरकारचा अंकुश असतो. जनऔषधी केंद्रात आणि ससूनच्या बाह्यरुग्ण विभागातही चौकशी करावी. दोन डब्यांत विसरण्याचा धोका जास्त, हे मात्र खरे. तुमच्या आईंची कपाटाची सवय पाहता, परवडत असेल तर मी एकाच डब्याच्या बाजूने आहे. कोणताही मार्ग निवडलात तरी एक चूक कटाक्षाने टाळा: जुन्या कॅप्सूल उरल्या आहेत म्हणून त्या संपेपर्यंत नव्या पंपाबरोबर घेऊ नका. फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड दोन्हीकडे असल्याने मात्रा दुप्पट होईल. उरलेला डबा आजच बाजूला काढा.

राहिला गणपतीचा प्रश्न. जरूर न्या. वर्षाचा सण आहे, आणि घरात बसवून ठेवलेल्या सीओपीडीच्या रुग्णाचे पाय दुबळे होतात, मग धाप आणखी वाढते. पण गावच्या घरी गॅस असला तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि भाकरीची चूल पेटतेच, आणि भाद्रपदात लाकूड ओले असते. कोरड्या लाकडापेक्षा ओल्याचा धूर कितीतरी जास्त. पाणी तापवायची सोय विजेच्या हीटरवर करा, मोदकांचे पातेले गॅसवर ठेवा, आणि आईंना चुलीजवळच्या खोलीत झोपवू नका. रात्री डासांची कॉइल लावू नका, मच्छरदाणी बांधा. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले होते. आरतीला धूप-कापूर होणार, तेवढा वेळ त्यांनी ओटीवर बसावे. मशेरी भाजायचा कार्यक्रम कोणाच्या घरी असेल तर तिकडे फिरकू नये. रोजचा पंप, धापेचा पंप, स्पेसर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीच्या डिकीत नको. जूनमधल्यासारखी धाप वाढू लागली तर कोणत्या गोळ्या आणि किती दिवस, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण घाटात रेंज मिळेलच असे नाही.

धाप लागली की आईंना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून. फुंकणीने चूल फुंकताना ओठ जसे होतात तसेच, फक्त जोर न लावता; त्यांना हे दोनदा समजावावे लागणार नाही. एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, गुंगी किंवा बरळणे सुरू झाले, किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ८८ च्या खाली टिकून राहिला, तर १०८ ला फोन करा. ऑक्सिजन लावणाऱ्यांना ‘सीओपीडी आहे’ हे आठवणीने सांगा, कारण या रुग्णांत तो ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखायचा असतो. अंदाधुंद दिला तर गुंगी वाढते.

गावाहून परतल्यावर, नवा पंप सुरू करून साधारण तीन महिने होतील तेव्हा, आईंना पुन्हा डॉक्टरांकडे न्या. त्या वेळी दोन्ही डबे, कॅलेंडरवरच्या नोंदी आणि रक्ताचा नवा अहवाल सोबत असू द्या, आणि खोलीत शिरताच आईंना पंप घेऊन दाखवू द्या, डॉक्टरांनी विचारायच्या आधीच.